सोयाबीनचं घरचं बी: धरायचं कसं, पेरायचं कसं आणि तांबेरा आवरायचा कसा

मिरगाच्या तोंडावर आपल्या भागात दरवर्षी एकच पळापळ असते. कुणी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रासमोर रांगेत उभा, कुणी निपाणी नाहीतर कागलची दुकानं फिरतोय, आणि पाहिजे ते वाण मिळालं नाही की हाताला येईल ती पिशवी घेऊन घरी. सोयाबीनच्या एकरी खर्चात बियाण्याचा वाटा चांगलाच असतो, त्यात उगवण फसली तर दुबार पेरणी, आणि दुबार पेरलेलं पीक हमखास परतीच्या पावसात सापडतं. हे बऱ्यापैकी टाळता येतं, कारण सोयाबीन हे सरळ वाण आहे, मक्यासारखं हायब्रीड नाही. फूल उमलायच्या आधीच त्याचं परागीभवन आतल्या आत झालेलं असतं त्यामुळं बाहेरचं मिसळायचा प्रश्न जवळजवळ येत नाही. एकदा सर्टिफाईड बियाणं आणलं की त्याचंच बी पुढं तीन वर्षं बिनधास्त वापरता येतं. फक्त ते बी म्हणून धरलेलं पाहिजे, विकायच्या मालातलं चार पोती उचलून पेरलेलं चालत नाही.

हे लिहितोय ते निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी, बेळगावचा पूर्वेकडचा भाग आणि खानापूरचा खालचा पट्टा एवढ्यासाठी. कणकुंबी-जांबोटीकडं पाऊसच इतका की तिथं भातच बरं, सोयाबीनचा नाद करू नका. अथणीकडं पाऊस कमी, तिथं जमतं पण लवकर येणारं वाण आणि एखादं पाणी हाताशी पाहिजे.

आधी वाण. जेएस-३३५ आपल्याकडं घराघरात आहे, जबलपूरच्या विद्यापीठाचं, ९५ ते १०० दिवसांत येतं, रानाची फार कुरकूर करत नाही, पण तांबेऱ्याला, म्हणजे पानांवर तांबूस पुटकुळ्या आणणाऱ्या बुरशीच्या रोगाला, लगेच बळी पडतं. आणि आपला कृष्णाकाठचा पट्टा, म्हणजे बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सातारा, धारवाड, हा तांबेऱ्याचा घरचा पट्टा. म्हणून ज्यांच्या रानात ऑगस्टमध्ये सारखा ढगाळ नि गारठा असतो त्यांनी धारवाड विद्यापीठाचं डीएसबी-२१ घ्यावं, ते तांबेऱ्याला दाद देत नाही. राहुरी विद्यापीठाचे फुले संगम म्हणजे केडीएस-७२६ आणि फुले किमया म्हणजे केडीएस-७५३, हे दोन्ही सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातले, तांबेऱ्याला बऱ्यापैकी टिकतात, पण संगमला शंभरच्या वर दिवस लागतात. मागून हरभरा करायचा असेल तर दिवस मोजून वाण ठरवा. आपण सीमेवर असल्याचा एक फायदा हाच की धारवाड आणि राहुरी दोन्हीकडचं बी आपल्याला जवळ आहे, तो वापरा. पहिल्यांदा आणताना निळा टॅग बघून घ्या, तो सर्टिफाईड बियाण्याचा. टॅग, पिशवी आणि पावती पीक निघेपर्यंत फेकू नका, उगवण फसली तर तक्रारीला तेवढाच पुरावा असतो.

बी उभ्या पिकात धरायचं

बी धरायचं काम मळणीला सुरू होत नाही, ते ऑगस्टमध्येच सुरू होतं. रानातला सगळ्यात चांगला तुकडा निवडा, जिथं पाणी साचत नाही, जिथं झाडं एकसारखी आहेत. दोन एकर पेरायचं असेल तर साठ-पासष्ट किलो बी लागतं, पण चाळणीत, निवडताना नि उगवण कमी आली तर लागणारं धरून शंभर किलो निघेल एवढा तुकडा राखा. फुलं लागल्यावर त्या तुकड्यातून एक फेरी मारा. सगळी फुलं जांभळी आणि मधे एखाद्या झाडाला पांढरी, किंवा पान वेगळं, उंची वेगळी, असं झाड दिसलं की उपटून टाका. पिवळ्या मोझॅकचं झाड दिसलं तरी उपटाच, तो पांढऱ्या माशीनं पसरतो. शेंगा पिकायच्या आधी अजून एक फेरी. दोन फेऱ्यांत काम होतं, यात अवघड काही नाही पण करतंय कोण, म्हणून तिसऱ्या वर्षी रानात चार वाणांची खिचडी दिसते.

काढणी शेंगा ९० ते ९५ टक्के तांबूस झाल्या आणि पानं गळाली की लगेच. जेएस-३३५ तर थांबतच नाही, उन्हात शेंगा तडकून दाणे रानात पडतात. पाऊस लागला असेल तर बियाण्याचा तुकडा पहिल्यांदा ताडपत्रीखाली घ्या, बाकीचा माल नंतर. भिजलेलं सोयाबीन विकता येतं, थोडा दर कमी मिळेल, पण भिजलेलं बी गेलंच.

आता मळणी, आणि इथं माझं मत जरा ठाम आहे. घरच्या बियाण्याची उगवण सगळ्यात जास्त मळणी मशीनमध्ये मरते. सोयाबीनची साल एकदम पातळ, आणि कोंब त्या सालीला चिकटून असतो. ड्रम जोरात फिरला की दाणा बाहेरून चांगला दिसतो पण आत कोंबाला मार बसलेला असतो. बियाण्यासाठी ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या आत पाहिजेत. मशीनवाले अण्णा म्हणतील असं केलं तर माझा टाईम जातो, चार शेंगा भुसात जातात. जाऊ देत. त्यांना तासाचे वरचे पैसे द्या, आणि बियाण्याचा ढीग पहिला काढून घ्या, मग बाकीच्याला पाहिजे तेवढा वेग देऊ देत. बी थोडंच लागत असेल तर ताडपत्रीवर काठीनं हळू बडवलेलं सगळ्यात उत्तम, घरातल्या बायका हे काम फार नीट करतात, पोरांना जमत नाही, ती हाणतात.

दोन-तीन उन्हं द्या. दाणा दाताखाली कट् करून तुटला पाहिजे, चेमटला तर अजून ओल आहे. ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या आत आला की बारदानात भरा, प्लॅस्टिकच्या पोत्यात नको. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर लांब, थप्पी चार-पाच पोत्यांपेक्षा उंच नाही. पोतं खांद्यावरून धाडकन टाकू नका, त्यानंही साल फुटते, दोघांनी धरून ठेवा. युरियाची पोती त्याच खोलीत नकोत. आणि पत्र्याच्या खोलीत तर अजिबात नको, एप्रिल-मे मध्ये पत्रा तापतो आणि बी आतल्या आत मरतं, कौलारू सोपा, म्हणजे ओसरी असेल तर सगळ्यात छान.

मे महिन्यात तपासणी

ही पायरी चुकवू नका, फुकटात होते. पोत्याच्या वरनं, मधनं, खालनं मूठमूठ काढून मिसळा आणि न निवडता शंभर दाणे मोजा. न निवडता म्हणजे खरंच न निवडता, आपला हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडं जातो. ओल्या बारदानाचा तुकडा घ्या, दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वरनं दुसरा ओला तुकडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. पाच दिवसांनी उघडून चांगला सरळ कोंब आणि मूळ आलेले दाणे मोजा, वाकडे-तिकडे, कुजलेले धरू नका.

७० निघाले तर एकरी ३० किलो बी. सत्तरच्या खाली जेवढे कमी तेवढं प्रत्येकाला अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे ६५ ला साडेबत्तीस किलो, ६० ला ३५ किलो. साठच्याही खाली असेल तर ते बी बाजारात विका, रानात नको, मे मध्येच कळलं तर दुसरीकडून बी बघायला वेळ असतो. तेच जूनमध्ये कळून काय उपयोग?

घाई असेल तर अजून एक सोपी परीक्षा. शंभर दाणे पाण्यात पाच-सात मिनिटं टाका. तेवढ्यात जे फुगले, सुरकुतले, त्यांची साल फुटलेली आहे. फुगलेले जास्त निघाले तर समजा मळणीत मार बसलाय. पण ही परीक्षा फक्त सालीची, खरी उगवण बारदानावरच कळते.

बीजप्रक्रिया करताना क्रम महत्त्वाचा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. कार्बोक्सिन आणि थायरम एकत्र येतं ते किलोला ३ ग्रॅम, त्यावर थायामेथोक्झाम ३० एफएस किलोला १० मिली, त्यानं खोडमाशीचा सुरवातीचा त्रास कमी होतो. हे आदल्या दिवशी करून सावलीत सुकवा. रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) मात्र पेरणीच्या दिवशीच, दहा किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून. ताडपत्रीवर बी पसरून हलक्या हातानं खालीवर करा, चोळू नका, परत तीच पातळ सालीची गोष्ट. हातात मोजे घाला. ज्याला रासायनिक नको त्यानं ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी किलोला ८-१० ग्रॅम लावावं.

रायझोबियमनं काही होत नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी चार झाडं मुळासकट हळूच खणून काढावीत, उपटून नव्हे. मुळाच्या गाठी नखानं कापा. आत गुलाबी-तांबूस रंग असेल तर गाठ काम करतेय, हवेतलं नत्र झाडाला देतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर रिकामी. गाठी गुलाबी असलेल्या रानात वरनं युरिया टाकायची गरज राहत नाही, उलट युरिया टाकला की झाड नुसतं माजतं, आडवं पडतं आणि शेंगा कमी लागतात.

पेरणी

मिरगाचा पहिला सरवा पडला की कुरी जुंपायची घाई करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरला, वरची ओल खालच्या ओलीला भिडली आणि घात, म्हणजे वापसा आला की पेरा. रोहिणीत भात धूळवाफ पेरतात ते ठीक, पण सोयाबीन कोरड्यात टाकून पावसाची वाट बघू नका, ते अर्धवट ओलीत फुगतं आणि कुजतं. खोली दीड-दोन इंच, म्हणजे ३ ते ५ सेंटीमीटर, त्याच्या खाली गेलं तर कोंब वर येतानाच मोडतो. ट्रॅक्टरच्या कुरीनं पेरत असाल तर पहिल्या दोन तासात उतरून माती उकरून खोली बघा. काळ्या भारी रानात ४५ सेंटीमीटरचं अंतर ठेवा, मध्यम रानात ३० चालतं.

भारी रानात पट्टा पेर करा हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. चार किंवा सहा ओळी झाल्या की कुरीचं एक नळकांडं बोळा घालून बंद करायचं, म्हणजे एक ओळ रिकामी राहते, आणि वीस-पंचवीस दिवसांनी त्या रिकाम्या ओळीत बळीराम नांगरानं सरी सोडायची. जुलैच्या झडीत पाणी त्या सरीतनं निघून जातं, ऑगस्टमध्ये उघडीप पडली तर तीच सरी ओल धरते, आणि फवारायला आत शिरताना झाडं तुडवायला लागत नाहीत. एक ओळ वाया गेली असं वाटतं पण कडेच्या ओळींना ऊन-वारं मिळून त्या भरून काढतात. रुंद वरंब्याचं बीबीएफ यंत्र भाड्यानं मिळत असेल तर अजून चांगलं.

खत सगळं पेरणीलाच. आपल्या भागाला धारवाडची शिफारस हेक्टरी ४० नत्र, ८० स्फुरद, २५ पालाश. एकराला धरलं तर सिंगल सुपर फॉस्फेटची चार पोती, ३५ किलो युरिया आणि १७ किलो पोटॅश. डीएपी घेतलं की काम सोपं होतं हे खरं, पण सुपर फॉस्फेटमधून गंधक मिळतं आणि तेलबियांना गंधक लागतंच, डीएपीत ते नसतं. डीएपीच मिळालं तर सोबत जिप्सम टाका. शेणखत असेल तर ते पहिलं.

तणाचं थोडक्यात सांगतो कारण हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिले पंचेचाळीस दिवस रान स्वच्छ पाहिजे. वीस दिवसाला एक कोळपणी, तिसाव्या दिवसाच्या आसपास दुसरी, मधे एक भांगलण. भांगलायला माणसं मिळत नसतील तर इमाझेथापायर १० टक्के एकरी ४०० मिली, तण दोन-तीन पानांवर असताना, रानात ओल असताना. फुलं लागल्यावर कोळपं घालू नका, मुळं तुटतात.

झडीत पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर आधी पाणी काढून द्या, मग १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट फवारा. युरियानं ते जात नाही.

अळीचं निपाणी भागाला नवल नाही, जी तंबाखूवर होती तीच सोयाबीनवर. ती अंडी पुंजक्यानं घालते, बारक्या अळ्या एकाच पानावर मिळून खातात आणि पान जाळीसारखं होतं. पहाटे फिरताना असं पान दिसलं की तोडून रॉकेलच्या पाण्यात बुडवा, त्या एका पानावर शेकड्यानं अळ्या असतात, चार दिवसांनी त्याच रानभर होतात. कामगंध सापळे एकराला दोन, पाखरांना बसायला काठ्या. सततच्या दमट हवेत काही अळ्या पानाला चिकटून पांढऱ्या-हिरवट झालेल्या दिसतील, तो बुरशीचा रोग अळीला झालाय, आपल्याला फायद्याचा. त्या दिसत असतील तर दोन दिवस थांबा, लगेच पंप घेऊन पळू नका. तरीही वाढल्याच तर क्लोरअँट्रानिलीप्रोल एकरी ६० मिली. देठाला किंवा खोडाला दोन गोल खाचा आणि वरचा शेंडा सुकलेला, हा चक्रीभुंगा, तो भाग खाचेच्या खालून मोडून जाळा.

तांबेरा

आता आपल्या भागाचं खरं दुखणं. १९९४ च्या खरिपापासून हा रोग आपल्याकडं जोरात यायला लागला. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर, सकाळी पान बराच वेळ ओलं, दिवसा ढग, हवेत गारवा, की हा आलाच. पहिली खूण वरच्या पानावर शोधू नका, तिथं शेवटी दिसतो. झाड बाजूला करून सगळ्यात खालचं पान तोडा, उलटं करा आणि उन्हाकडं धरा. पानाच्या पाठीवर बारीक तपकिरी पुटकुळ्या असतील आणि बोट फिरवल्यावर तांबूस भुकटी लागत असेल तर तांबेरा. साधे तपकिरी ठिपके ज्यातनं भुकटी निघत नाही ते दुसरे रोग.

पेरणीनंतर पस्तीसाव्या दिवसापासून दर तीन-चार दिवसांनी असं खालचं पान बघायची सवय लावा, रानाच्या चार कोपऱ्यात आणि मधे. पुटकुळी दिसल्या दिसल्या हेक्झाकोनॅझोल ५ ईसी किंवा प्रोपिकोनॅझोल २५ ईसी लिटरला १ मिली फवारा, पंधरा दिवसांनी परत. जेएस-३३५ असेल आणि शेजारच्या शिवारात आलाय असं कळलं तर स्वतःच्या रानात दिसायची वाट बघू नका, वाऱ्याबरोबर येतो. फवारा खालच्या पानांच्या पाठीपर्यंत पोचला पाहिजे, म्हणून एकरी पाणी भरपूर घ्या आणि नोझल खालनं वर धरा. नुसतं वरनं भिजवलेलं औषध म्हणजे पैसे पाण्यात. पानं जर शेंगा भरायच्या आधी गळाली तर दाणा बारीक राहतो, वजनच भरत नाही, पोत्यांचा फरक पडतो. पाऊस थांबत नसेल तर दोन-तीन तासांची उघडीप मिळाली तरी चिकटवायचं द्रव्य घालून उरका. तोंडाला फडकं, हातात मोजे, आणि वाऱ्याच्या उलट्या दिशेनं कधी फवारू नका. डीएसबी-२१ वाल्यांना ही फवारणी बहुतेक करावी लागत नाही.

कागदाचं

आपल्या पोरांच्या मोबाईलवर सगळे व्हिडिओ महाराष्ट्रातले येतात, ई-पीक पाहणी करा, महाडीबीटीवर अर्ज करा. ते आपल्याला लागू नाही, आपला उतारा कर्नाटकातला. इथं फ्रूट्स आयडी, म्हणजे शेतकरी नोंदणीचा क्रमांक लागतो, तो रयत संपर्क केंद्रात उतारा, आधार आणि पासबुक घेऊन करून मिळतो. अनुदानाचं बी, हमीभावाची खरेदी, नुकसान भरपाई, सगळीकडं तोच विचारतात. पीक नोंद 'बेळे समीक्षे'च्या ॲपवर होते, ॲप कन्नडमध्ये आहे, वाचता येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोरापोरींना घेऊन स्वतः रानात उभं राहून करा. उसाच्या रानात सोयाबीन आणि सोयाबीनच्या रानात ऊस अशी नोंद पडली तर नंतर भरपाईला हेलपाटे. विम्याचा खरिपाचा हप्ता विमा रकमेच्या २ टक्के, आणि रानात पाणी घुसून नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायचं, फोटो काढून. गटातल्या सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी बसून उरकलं तर म्हाताऱ्या माणसांचंही होऊन जातं. अडलं तर निपाणीचं संशोधन केंद्र आहे, मत्तीकोप आणि तुक्कानट्टीची कृषी विज्ञान केंद्रं आहेत, जाऊन विचारा, झाडाचा नमुना सोबत न्या. नुसतं तोंडानं वर्णन सांगून त्यांनाही नेमकं कळत नाही.

विकताना

२०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, आणि खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओल असलेला माल घेत नाहीत. खेडा खरेदीला येणारा व्यापारी ओल दाखवूनच दर पाडतो. म्हणून मळणी झाल्याबरोबर विकण्यापेक्षा दोन उन्हं देऊन, चाळून, काडीकचरा काढून न्या. बाजार समितीत नेणार असाल तर आधी किलोभर नमुना घेऊन जा, दोन-तीन ठिकाणी ओलावा मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा, वजन होताना समोर उभं राहा. बियाण्याची पोती वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या सुतळीनं बांधलेली असू देत, त्यावर वाणाचं नाव आणि साल खडूनं नाही तर पेंटनं लिहा. घाईत गाडी भरताना पहिली तीच उचलली जातात.